महिन्याचं वाणसामान कुठून भरायचं: वाणी, मार्ट, दहा मिनिटवालं अ‍ॅप की ग्राहक पंचायत?

घरखर्च कमी करायचाय म्हटलं की पहिला हात किराण्यावरच पडतो, कारण भाडं कमी होत नाही, शाळेची फी कमी होत नाही, आणि ईएमआय तर नाहीच नाही. मग प्रश्न येतो की सगळ्यात स्वस्त कुठे मिळतं. मी इथे डोंबिवली-कल्याणकडच्या चार माणसांच्या घराचा विचार करून लिहितेय, नवराबायको दोघं नोकरीला, एक शाळेतलं मूल आणि घरात सासूबाई, पण ठाण्यात, पुण्यात, नाशकात थोड्याफार फरकाने हेच चित्र आहे.

माझं मत आधीच सांगते. सगळं स्वस्त मिळेल असं एक दुकान नसतं. डाळ एकीकडे स्वस्त, साबण दुसरीकडे. आणि बिल वाढतं ते भावामुळे कमी, महिन्यातून किती वेळा खरेदी होते त्यामुळे जास्त.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या सरकारी पाहणीत शहरी माणसाच्या एकूण खर्चापैकी जवळपास ४० टक्के खर्च खाण्यापिण्यावर होतो असं दिसलं, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा तांदूळ-गव्हाचा नाहीये, तो आहे पेयं आणि तयार, पाकीटबंद खाण्याचा, एकूण खर्चाच्या साधारण ११ टक्के. तांदूळ, गहू, ज्वारी सगळं धरून त्याच्या निम्मंही होत नाही. म्हणजे तांदळात किलोमागे २ रुपये वाचवायला आपण तीन दुकानं फिरतो आणि चिप्स, कोल्ड्रिंक, फ्रोझन पराठे, इन्स्टंट अमुकतमुक यांच्याकडे बघतही नाही, कारण ते "किराणा" म्हणून मोजलंच जात नाही, ते मध्येच कधीतरी आलेलं असतं.

आता एकेक बघू.

मार्ट म्हणजे आपल्याकडे बहुतेकांच्या डोक्यात डीमार्टच येतं. पहिलं दुकान २००२ मध्ये पवईला निघालं, आणि त्यांचं स्वस्त असण्याचं कारण साधं आहे, शक्य तिथे जागा स्वतःच्या मालकीची, एका वस्तूचे दहा प्रकार न ठेवता खपणारे मोजके प्रकार, आणि कंपन्यांना पैसे लवकर देऊन त्याबदल्यात भाव कमी करून घेणं. त्यामुळे ज्याच्यावर एमआरपी छापलेली आहे ते सगळं, म्हणजे साबण, कपड्यांची पावडर, टूथपेस्ट, चहा, तेलाची पाऊचं, बिस्किटं, इथे वाण्यापेक्षा हमखास कमी पडतं. फरक खरा आहे, त्यात वाद नाही. पण मार्टचा खर्च बिलाच्या दुसऱ्या अर्ध्यात असतो. यादीतलं सामान होतं समजा ३,५०० चं आणि बिल होतं ५,२०० चं, कारण मध्ये प्लास्टिकचे डबे, टॉवेल, पोराचा टीशर्ट आणि "एकावर एक फ्री"ची नूडल्स आली. शिवाय जायचंयायचं रिक्षाभाडं, ते कोणी किराण्यात धरत नाही पण धरायला पाहिजे, जाऊन येऊन १५० रुपये गेले आणि सामान १,००० चंच घेतलं तर वाचलं काय? मार्ट परवडतं ते महिन्यातून एकदा किंवा दीड महिन्यातून एकदा, लिहिलेली यादी घेऊन, शक्यतो मधल्या वारी सकाळी, आणि पोटभर जेवून. दर रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून फिरायला म्हणून जायचं असेल तर ते करमणुकीच्या खर्चात लिहा, किराण्यात नको.

वाणी. लोकांना वाटतं वाणी महाग. एमआरपीच्या मालात तो महागच आहे, एखाद-दोन रुपये सोडले तर सोडले. पण सुट्या मालात तसं नाही. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठांवर ५ टक्के जीएसटी लागतो, मग ब्रँड मोठा असो नाहीतर गल्लीतला. सुट्या मालावर तो नाही. त्यामुळे पोत्यातून काढून दिलेली तूरडाळ आणि तशाच प्रतीची चकचकीत पाकिटातली तूरडाळ यांच्या भावात टॅक्सचाच फरक पडतो, वर पाकिटाचा आणि जाहिरातीचा खर्च वेगळा. आणि सुटा माल हातात घेऊन बघता येतो, डाळ पॉलिश केलेली आहे का, तांदळात कणी किती आहे, वास कसला येतोय. मूग शिजले नाहीत तर परत नेऊन देता येतात, ओळखीच्या वाण्याकडे तरी.

त्याचा अजून एक फायदा जो हिशोबात येत नाही तो म्हणजे १०० ग्रॅम मिळणं. वर्षातून दोनदा लागणारी खसखस, थोडासा वरईचा तांदूळ, पाव किलो साबुदाणा उपासापुरता, हे पाकिटात घेतलं की अर्धं कपाटात पडून किडतं, आणि टाकून दिलेलं सामान सगळ्यात महाग असतं. खातं मांडून देतो, घरपोच देतो, फोनवर यादी घेतो. खात्याबद्दल मात्र एक सांगते, उधारी असली की भाव विचारला जात नाही, त्यामुळे खातं ठेवायचंच असेल तर वहीत प्रत्येक वेळी भाव लिहून घ्यायचा, नुसता आकडा नाही.

दहा मिनिटवाली अ‍ॅप, ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट वगैरे. यांचे भाव बघितले तर पाकिटातल्या मालात कधीकधी मार्टच्या जवळपास असतात, म्हणून लोकांना वाटतं आपण वाचवतोय. पण वस्तूच्या भावाकडे नका बघू, बिलाची शेवटची ओळ बघा. हँडलिंग चार्ज, डिलिव्हरी चार्ज, पाऊस असला तर अजून काहीतरी, आणि डिलिव्हरी फ्री व्हावी म्हणून टाकलेलं एखादं चॉकलेट नाहीतर ज्यूस. समजा आठवड्याला तीन ऑर्डरी, प्रत्येकीला चार्ज आणि भरीचं सामान मिळून ८० रुपये जास्तीचे गेले, तर महिन्याला हजाराच्या आसपास रक्कम होते, आणि एवढ्या पैशात चौघांची महिनाभराची डाळ येते! यात फसवणूक नाही, सोय हवी तर सोयीचे पैसे पडणारच, पण ते पैसे किराणा म्हणून जातात आणि मग किराणा महाग झाला म्हणून आपण डाळ कमी करतो, ते मला पटत नाही. रात्री अकराला बाळाचे डायपर संपले, घरात एकटं म्हातारं माणूस तापाने पडलंय, अशा वेळी जरूर मागवा, त्यासाठी अ‍ॅप उत्तमच आहे. कोथिंबीर आणि दह्यासाठी नको.

आणि चौथा पर्याय, जो नवीन लोकांना माहीतच नसतो, सामूहिक खरेदी. बिंदुमाधव जोशींच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीची चळवळ सत्तरच्या दशकात उभी राहिली आणि मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हे काम करतेय. पद्धत अशी की शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून एक संघ करतात, महिन्याची मागणी आधी यादीवर नोंदवतात, ठरलेल्या दिवशी सगळ्यांचं सामान एकाच्या घरी येतं आणि सभासद आपापसात वाटून घेतात. मधले हात कमी, जाहिरात नाही, माल निवडून घेतलेला. भावापेक्षाही मला यातली मोठी गोष्ट वाटते ती ही की महिन्याला काय लागणार हे आधी बसून लिहावं लागतं, आणि घरात काय शिल्लक आहे हे डबे उघडून बघावं लागतं. त्यातच अर्धी बचत होते. अडचणी आहेतच, तारीख ठरलेली, मध्येच पाहुणे आले तर वाढवून मिळत नाही, आणि वाटपाच्या दिवशी कोणीतरी घरी लागतं, ते नोकरीवाल्यांना जड जातं.

जवळ असा संघ नसेल तर सोसायटीतली चार-पाच घरं मिळूनही करता येतं. कल्याणच्या किंवा वाशीच्या घाऊक बाजारातून ३० किलोचं तांदळाचं पोतं आणून वाटून घेतलं तर २५ किलोच्या वर असल्यामुळे तो ५ टक्के जीएसटीही लागत नाही. फक्त टेंपोचं भाडं आणि हमाली धरून किलोचा भाव काढा, नुसता पोत्याचा भाव ऐकून खूष होऊ नका. आणि सगळ्या घरांना एकच तांदूळ चालतो का ते आधी विचारा, एकाला कोलम हवा असतो, एकाला इंद्रायणी, तिथेच बेत फिसकटतो.

आता वर्षाची भरणी करायची का, कारण घरातल्या मोठ्या माणसांचा आग्रह असतोच. आग्रहाला आधार आहे, नवा गहू मार्च-एप्रिलला येतो, नवी तूर जानेवारीपासून, मिरची-हळद फेब्रुवारी ते एप्रिल, आवक जास्त म्हणून भाव उतरलेला. पण हिशोब करून बघा. महिन्याला १० किलो गहू लागतो म्हणजे वर्षाला १२० किलो, किलोमागे ५ रुपये वाचले तर वर्षाचे ६०० रुपये. त्याच्यासाठी पैसे आधी अडकवायचे, दोन मोठ्या कोठ्यांची जागा फ्लॅटमध्ये काढायची, ऊन दाखवायचं, कडुनिंबाचा पाला घालायचा, आणि आमच्याकडच्या दमट पावसाळ्यात टोके झाले तर सगळंच गेलं. वन बीएचकेमध्ये गव्हाची वर्षाची भरणी मला परवडत नाही असंच मी म्हणेन, तीन महिन्यांचा घ्या. तूरडाळीचा भाव मात्र वर्षभरात खूप वरखाली होतो, त्यामुळे ती मोसमात सहा महिन्यांची घेतली तर फरक चांगला पडतो, कडक ऊन दाखवून, थोडं एरंडेल चोळून नीट टिकते. आणि मसाला तर करूनच घ्यावा, एप्रिल-मेमध्ये लालबागला नाहीतर जवळच्या डंकावर, कारण त्यात पैसे वाचतातच, वर चवीत तडजोड करावी लागत नाही, आणि मसाला वर्षभर बरणीत राहतो.

तेलाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इथे माणूस सगळ्यात जास्त गोंधळतो. १ लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. बाजारात सारख्याच दिसणाऱ्या पाऊचांत कुठे पूर्ण लिटर असतं, कुठे ८५० ग्रॅम किंवा त्याहून कमी, आणि भाव फक्त समोरचा मोठा आकडा बघून ठरवला जातो. पाकिटावर एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरात प्रति ग्रॅम किंवा प्रति लिटर भाव छापलेला असतो, तो छापणं कायद्याने बंधनकारक आहे, तोच बघायचा. डबा घेताना १५ किलोचा आहे की १५ लिटरचा हे विचारा, १५ लिटरमध्ये साडेतेरा किलोच्या आसपासच तेल असतं, म्हणजे जवळपास दीड किलोचा फरक! आपलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, त्यामुळे आयातशुल्क बदललं की इथला भाव हलतो, सप्टेंबर २०२४ मध्ये ते वाढवलं आणि मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं पुन्हा कमी केलं, तेव्हा दोन्ही वेळा बातमी नीट वाचणाऱ्याला खरेदी पुढेमागे करायला वाव होता. तेल चार माणसांना डब्याने घेऊ नये असं माझं मत, डबा उघडा असला की पळी सढळ होते.

साबण-शाम्पूचं उलट आहे. मोठी बाटली नेहमी स्वस्त असते हे खरं नाही, शाम्पूची छोटी पाकिटं मिलिलिटरच्या हिशोबाने कितीतरी वेळा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात, घरी बसून भागाकार करून बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, टूथपेस्ट, शाम्पू, बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर आली, तूप-लोणी १२ वरून ५ वर, तो फायदा सगळ्याच दुकानांत सारखा आहे, त्यामुळे त्यावरून दुकान ठरवायचं कारण नाही.

मग कोणी काय करावं? एकटे किंवा नवीन लग्न झालेले दोघं भाड्याच्या घरात असाल तर मार्टच्या नादाला लागू नका, तुमचा खप कमी आहे, मोठी पाकिटं संपणार नाहीत, वाण्याकडून पंधरवड्याचं घ्या. चार माणसांच्या घराला माझ्या मते सगळ्यात बरं म्हणजे साबण-तेल-चहा मार्टमधून दीड महिन्यातून एकदा, धान्य-डाळ-गूळ-पोहे वाण्याकडून किंवा संघातून सुटे, आणि अ‍ॅप फोनमध्ये असू दे पण त्यातलं कार्ड काढून टाका, प्रत्येक वेळी पैसे भरायला थोडा त्रास झाला की निम्म्या ऑर्डरी आपोआप थांबतात. सहा-सातजणांचं एकत्र घर असेल तर घाऊक बाजार खरोखर फायद्याचा, तिथे संकोच करू नका. म्हातारी दोघंच राहत असतील तर वाण्याचे दोन रुपये जास्त जाऊ देत, तो वर तिसऱ्या मजल्यावर आणून देतो.

आणि ज्यांचं प्राधान्य कुटुंबाचं, म्हणजे अन्नसुरक्षा यादीतलं, रेशनकार्ड आहे त्यांनी रेशन सोडू नये, जानेवारी २०२३ पासून माणशी महिना ५ किलो धान्य फुकट आहे, चौघांचं २० किलो होतं. तांदळाची प्रत आवडली नाही तरी इडली-डोशाला, घावनांना, भाजून पिठाला तो उत्तम चालतो, आणि तेवढ्या किलोंचे पैसे डाळीकडे, दुधाकडे वळवता येतात.

सुरुवात करायची तर या महिन्यात दुकान अजिबात बदलू नका. फक्त सगळी बिलं, अ‍ॅपचीसुद्धा, एका पिशवीत टाका आणि महिनाअखेर तीन ढीग करा: धान्य-डाळ-तेल, साबण-सफाई, आणि बाकीचं. ज्या घराचा तिसरा ढीग मोठा निघेल त्याने आधी अ‍ॅप आणि रविवारचं मार्ट आवरावं, ज्याचा पहिला मोठा असेल त्याने सुटा माल, मोसम आणि संघ यांच्यामागे लागावं, आणि दुसरा मोठा असेल तर मार्टची यादी घेऊन नीट बसावं.