समुद्री फॉसिल बघायला इंदूरहून कुठे जावं, धार जिल्ह्यातलं बाग गाव की कच्छ?

सकाळी पोहे-जिलेबी हाणून धार रोडने निघालं की बागला दुपारच्या आत पोचता, कच्छला मात्र रात्रभराचा प्रवास धरूनच चला. अमोनाइट (गुंडाळलेल्या शंखाचे, आता नामशेष झालेले समुद्री जीव) बघायचे तर कच्छच भारी, ज्युरासिक काळातले, साधारण 15-17 कोटी वर्षं जुने. बागचे थर त्यामानाने तरुण, 9 कोटींच्या आसपास, तेव्हा नर्मदेच्या खोऱ्यात समुद्राचा फाटा आत घुसला होता (माळव्याच्या दारात समुद्र, काय सांगता!) त्यामुळे गाठीगाठींच्या चुनखडीत अमोनाइट, सी अर्चिन, कालवं मिळतात आणि वरच्या लालसर-पिवळ्या थरावर भिंग धरलं तर नुसता ब्रायोझोआच्या (वसाहत करून राहणारे चिमुकले समुद्री जीव) काड्यांचा चुरा दिसतो, शिवाय त्याच भागात लॅमेटा नावाच्या खडकांच्या थरात डायनासोरची अंडी. पहिल्यांदा जाताय तर बागच, फक्त मे महिन्यात नको, निमाडचं ऊन भाजून काढतं.