जमिनीत पुरायचा डॉग वेस्ट डायजेस्टर, १४ महिने वापरून (सोबत पिशव्या, बोकाशी आणि मांजराच्या लिटरबद्दलही, म्हणजे त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालतात त्या मातीबद्दल)

हा रिव्ह्यू लिहायला मी मुद्दाम एवढे महिने थांबले, कारण घेण्याआधी मी जे रिव्ह्यू वाचले ते सगळे खोकं उघडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लिहिलेले होते आणि त्यात कामाचं काहीच सापडलं नाही. शी टाकायच्या डब्याचं खरं काय ते एक पाऊस आणि एक थंडी काढल्याशिवाय कळत नाही. आता दोन्ही झालंय म्हणून लिहितेय.

घरात एक कुत्रा आहे, बंड्या, २४ किलो, आणि एक मांजर, मनी. डब्याच्या मागे लागायच्या आधी मी आठवडाभर बंड्याच्या शीचं रोज वजन केलं, सरासरी २८० ग्रॅम आली, म्हणजे वर्षाला १०० किलोच्या वर. रोजच्या दोन पिशव्या धरल्या तर वर्षाला ७३० पिशव्या. हा आकडा कागदावर लिहिल्यावर मला खरंच वाईट वाटलं, कारण जी गोष्ट आपोआप कुजून मातीत जाणारी आहे ती आपण प्लास्टिकमध्ये गाठ मारून शेकडो वर्षांसाठी जपून ठेवतोय.

डबा म्हणजे काय तर तळ नसलेली, बाजूला भोकं असलेली एक खोल बादली आणि वर पायाने उघडायचं झाकण. जमिनीत साधारण दोन फूट खड्डा खणायचा, खाली खडी टाकायची, बादली बसवायची, झाकण तेवढं जमिनीच्या वर ठेवायचं. रोज शी टाकायची, आठवड्यातून एकदा एन्झाइम-बॅक्टेरियाची पावडर आणि बादलीभर पाणी. आत जे चालतं ते छोट्या सेप्टिक टँकसारखंच, बॅक्टेरिया शी पातळ करतात आणि ते पाणी खालच्या मातीत झिरपतं. वीज नाही, फिरवाफिरवी नाही, आणि झाकण नीट लागत असेल तर वासही नाही, हे शेवटचं मला आधी खरं वाटत नव्हतं पण खरं आहे, दोन हात अंतरावर उभं राहिलं तरी काही येत नाही.

आता जे कोणी सांगत नाही ते. हा डबा चालणार की नाही हे डबा ठरवत नाही, तुमची माती ठरवते. मी पहिल्यांदा सावलीचा कोपरा बघून पुरला, तिथे खाली चिकण माती होती, पाणी मुरेचना, तिसऱ्या आठवड्यात झाकण उघडलं तर आत नुसतं दलदलीसारखं भरलेलं आणि वर माशा. चूक माझीच, टेस्ट केली नव्हती. टेस्ट अगदी सोपी आहे, खड्डा खणून पाण्याने काठोकाठ भरा, मुरू द्या, परत भरा आणि बघा, दुसऱ्यांदा भरलेलं पाणी काही तासांत उतरलं तर जागा चांगली, दुसऱ्या दिवशीही साचलेलं दिसलं तर तिथे पुरू नका, पावडर कितीही टाकलीत तरी उपयोग नाही. मी डबा उपसून (ते काम कसं असतं ते सांगत नाही) थोड्या उंचावरच्या, मुरमाड जागी परत पुरला आणि तिथून पुढे सुरळीत झालं.

दुसरं म्हणजे जागा ठरवताना भाजीच्या वाफ्यापासून आणि विहीर, बोअर, ओढा यांच्यापासून लांब, आणि मी लांब म्हणजे खरंच लांब म्हणतेय, ३० मीटर तरी. भूजल वर असेल, पाऊस पडल्यावर खड्ड्यात खालून पाणी येत असेल, तर हा प्रकार घेऊच नका, कारण मग तुम्ही शी पाण्यात कालवताय.

पावसात डबा तुंबला नाही, पण जोराचा पाऊस झाला की दोन-तीन दिवस पातळी वर यायची, तेवढे दिवस मी शी कागदात गुंडाळून बाजूच्या झाकणाच्या बादलीत ठेवली. थंडीत मात्र फरक जाणवला. माती ५ अंशाच्या आसपास गेली की बॅक्टेरिया जवळपास झोपतात, शी नुसती साठत जाते, उबदार दिवस आले की मग एकदम खाली बसते. ज्यांच्याकडे जमीन गोठते त्यांनी वर्षातले काही महिने दुसरी सोय धरूनच चालावं.

फिनाइल किंवा ब्लीच आत जाऊ देऊ नका, पावडरमधले जीव मरतात. बंड्याचा अँटिबायोटिकचा कोर्स चालू होता तेव्हाही मी ती शी आत टाकली नाही, त्याच कारणाने. पिशवीही आत टाकायची नाही, कंपोस्टेबल लिहिलेली असली तरी नाही. झाकणाची बिजागरी प्लास्टिकची आहे, ती सातव्या महिन्यात तुटली, मी तार घालून भागवलंय, पण झाकण हाच या वस्तूचा जीव असताना तिथे एवढी कंजूसी करायला नको होती, अर्धा स्टार मी त्यासाठीच कापतेय.

आणि मिळतं काय? खत मिळत नाही. हे स्पष्ट लिहितेय कारण मला तीन-चार जणांनी विचारलं की शेणखत चालतं मग कुत्र्याच्या शीचं का नाही. गाय गवत खाते, कुत्रा मांस खातो, पण वासाच्या पलीकडे खरा प्रश्न जंतांचा आहे. कुत्र्याच्या गोल जंताची, टॉक्सोकाराची, अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, आणि लहान मुलाने तीच माती हाताला लावून तोंडात घातली तर त्या अळ्या शरीरात फिरतात, डोळ्यात गेल्या तर नजरेला धोका असतो. पण ही अंडी शीतून बाहेर पडल्या पडल्या संसर्ग करू शकत नाहीत, तयार व्हायला त्यांना साधारण २ ते ४ आठवडे लागतात. म्हणून रोज उचलणं हाच सगळ्यात मोठा उपाय, डबा वगैरे त्याच्या नंतर. आणि जंताचं औषध व्हेटने सांगितलेल्या तारखेला, चुकवायचं नाही.

घरच्या कंपोस्टच्या ढिगात कुत्र्याची शी टाकून बघावी का, तर टाकता येते पण मन लावून करायचं काम आहे ते. अलास्कातल्या फेअरबँक्सला १९९१ मध्ये स्लेजची कुत्री पाळणाऱ्यांना बरोबर घेऊन यावर काम झालं होतं, त्यातून आलेलं प्रमाण आजही सांगतात, दोन भाग शी, एक भाग लाकडाचा भुसा, ढीग ओला पिळलेल्या फडक्याइतका दमट, आणि आतलं तापमान ६० अंशाच्या आसपास चढायला हवं. पण त्यांच्याकडे कुत्र्यांचे कळप, शी ढिगाने, म्हणून उष्णता धरते. एका कुत्र्याच्या शीचा ढीग एवढा तापतच नाही. मी महिनाभर थर्मामीटर खुपसून बघितलं, ३८ च्या वर एकदाही गेलं नाही, आणि एवढ्यात जंतांची अंडी मरत नाहीत. तेव्हा ते बंद केलं. कोणाकडे चार-पाच कुत्री असतील तर करून बघा, पण तयार झालेलं खत फक्त फुलझाडांना, शोभेच्या झाडांना घाला, पालेभाजीला मात्र कधीच नाही.

गांडुळांचा डबाही मैत्रिणीने केलाय, तिचा छान चाललाय. फक्त तो ओल्या कचऱ्याच्या डब्यापेक्षा वेगळा ठेवायचा आणि जंताचं औषध दिल्यावर काही दिवसांची शी त्यात टाकायची नाही, कारण जंत मारणारं औषध गांडुळांनाही मारू शकतं, शेवटी तीही तशीच वळवळणारी बिचारी.

बोकाशी मी फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बहिणीसाठी वापरून बघितली. ही मूळ जपानी पद्धत, कोंड्यावर लॅक्टोबॅसिलस, यीस्ट वगैरे वाढवलेले असतात, हवाबंद बादलीत शीचा थर, कोंड्याचा थर, असं करत भरायचं आणि बंद ठेवायचं. आत कुजत नाही, आंबतं, लोणच्यासारखं. वास आंबट येतो पण शीचा येत नाही, आणि जागा एका बादलीची लागते, हे दोन मोठे फायदे. पण आंबवून झाल्यावर ते कुठेतरी पुरावंच लागतं, आणि आंबल्याने जंतांची अंडी मरतील असं धरून चालू नका. बहिणीकडे माती नाही, मग भरलेली बादली दर वेळी माझ्याकडे, म्हणजे गाडीतून शीचा प्रवास, तीन महिन्यांत तिने सोडलं. ज्यांच्याकडे पुरायला जागा आहे त्यांना डायजेस्टर जास्त सोपा पडतो, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांचा बोकाशीने अर्धाच प्रश्न सुटतो, म्हणून माझ्याकडून तीन स्टार.

फ्लॅटवाल्यांसाठी मला सगळ्यात पटलेला उपाय साधा आहे: जुन्या वर्तमानपत्राने उचला, शी टॉयलेटमध्ये टाका, कागद कचऱ्यात. कुत्र्याची शी, नुसती शी, पिशवीशिवाय, आणि तुमचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जात असेल तरच. स्वतःचा छोटा सेप्टिक टँक असेल तर केसांमुळे त्रास होऊ शकतो, आधी विचारून घ्या.

आता पिशव्या, इथे मला खरंच राग येतो. पाकिटावर हिरवं पान छापलेलं, बायोडिग्रेडेबल लिहिलेलं, आणि त्या शब्दाला काळवेळ काहीच जोडलेला नसतो, किती दिवसांत, कुठे, कशात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१५ मध्ये कुत्र्यांच्या पिशव्या बनवणाऱ्या-विकणाऱ्या २० कंपन्यांना असे दावे दिशाभूल करणारे असू शकतात म्हणून पत्रं पाठवली होती. ऑक्सो-डिग्रेडेबल लिहिलेली तर घेऊच नका, ती कुजत नाही, तिचे बारीक बारीक तुकडे होतात आणि ते मातीत राहतात, युरोपियन युनियनने असलं प्लास्टिक २०२१ पासून बंद केलंय. पाकीट उलटून कंपोस्टेबल असल्याच्या मानकाचा नंबर किंवा शिक्का शोधा. ईएन १३४३२ किंवा एएसटीएम डी६४०० असेल तर ती कंपोस्टेबल आहे पण मोठ्या औद्योगिक कंपोस्ट प्लँटमध्ये, तिथली टेस्टच ५८ अंशाच्या आसपास होते, तुमच्या अंगणात नाही. ओके कंपोस्ट होम असेल तर घरच्या तापमानाला वर्षभरात कुजायला हवी. मी दोन्ही प्रकारची पिशवी कुंडीत पुरून बघितली, पहिली सहा महिन्यांनी होती तशीच, धुतली असती तर परत वापरता आली असती, दुसरीची जाळी झाली होती. आणि कोणतीही पिशवी कचऱ्याच्या डेपोत गेली तर तिथे हवाच नाही, मग ती एक तर तशीच पडून राहते किंवा सडून मिथेन सोडते. म्हणजे महागाची पिशवी घेऊन साध्या कचऱ्यात टाकली तर फार काही साधत नाही, तेवढ्या पैशात वर्तमानपत्र बरं. पिशवी मी फक्त फिरायला जाताना वापरते, घरी आल्यावर शी डब्यात उलटी करते.

मनीचं वेगळं आहे. तिची शी ना डायजेस्टरमध्ये, ना टॉयलेटमध्ये. मांजराच्या शीतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो, आणि त्याची अंड्यांसारखी कवचं सांडपाण्याच्या क्लोरीनलाही दाद देत नाहीत, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्री पाणमांजरं त्याने मेल्याचं दिसल्यावर तिथे २००६ मध्ये कायदाच केला की लिटरच्या पाकिटावर टॉयलेटमध्ये टाकू नका असं लिहायचं. यावरून कोणी मांजर घराबाहेर काढू नका प्लीज, बहुतेक मांजरं आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतर काही दिवस-आठवडे, हे बाहेर टाकतात, आणि ते संसर्ग करायच्या अवस्थेत यायला १ ते ५ दिवस लागतात, म्हणून रोज ट्रे साफ केला की धोका खूपच कमी. घरात कोणी गरोदर असेल तर ट्रे दुसऱ्याने साफ करायचा, एवढंच.

लिटर मात्र बदला. गोळे होणारं नेहमीचं लिटर म्हणजे बेंटोनाइट माती, खाणीतून खणून काढलेली, आणि ती कधीच कुजत नाही. मी लाकडाच्या पेलेटवर आले, ओलं झालं की त्याचा भुसा होतो, चाळणीच्या ट्रेमधून तो खाली पडतो, वरची शी सुपलीने उचलून कागदात बांधून कचऱ्यात. मनीने पहिले दहा दिवस तोंड फिरवलं, मग मी जुन्यात थोडं थोडं मिसळत गेले, तीन आठवड्यांत सवय झाली. टोफूचं लिटरही चांगलं आहे, धूळ अजिबात नाही, पण पाकिटावर फ्लश करा लिहिलेलं असतं ते करू नका, वरचं कारण तेच.

ससा, गिनीपिग असेल तर तुमची मजा आहे, ती पाला खाणारी, त्यांच्या लेंड्या आणि खालचा कागद सरळ कंपोस्टमध्ये जातो, वेगळं काही घ्यायची गरजच नाही.

डायजेस्टरला पाचपैकी साडेचार. शेजारी त्याच आकाराचा दुसरा खड्डा खणून ठेवलाय, खडी आणून टाकलीये, पहिल्याखालची माती कधी थकली तर डबा उचलून तिकडे बसवायचा. कोणाला खड्डा, खडी, पावडरचं प्रमाण याबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, मातीची टेस्ट करून मग विचारा.