गाणी लिहिणाऱ्यांनो, असा कागद समोर आला तर थांबा

दिवाळीनंतर आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, मंडया (जत्रेसारखे मेळे) भरतात, गावोगावी नाटकं लागतात, आणि त्याच गर्दीत गाणी लिहिणाऱ्यांना हेरणारे लोकही फिरतात. वडसा भागातल्या एका मंडईत मला असाच एकजण भेटला. म्युझिक कंपनी, यूट्यूबवर चॅनल, "दादा, तुमची झाडी बोली जगापुढे नेतो." एका गाण्याचे ३,००० रुपये रोख. धानाचे चुकारे (विक्रीचे पैसे) अडकले की ही रक्कम किती मोठी वाटते, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

कागद इंग्रजीत होता, तरी मी सही केली. तोंडी सांगितलं की गाणं आम्ही रेकॉर्ड करू, नाव तुमचंच लागेल. लिहिलेलं निघालं ते असं: सगळे हक्क कायमचे कंपनीचे, रॉयल्टी (गाणं वापरल्याचा मोबदला) नाही, शब्द बदलायची मोकळीक कंपनीला, आणि तीन वर्षं दुसऱ्या कोणासाठी लिहायचं नाही. शेवटची अट सर्वांत घातक. आमच्याकडे गीतकाराचं पोट होळीपर्यंतच्या नाटकांवर चालतं. एका निर्मात्याने गाणी मागितली, तर कंपनीने कोर्टात खेचायची धमकी दिली. तो हंगाम गेला.

पण पैशापेक्षा जास्त लागलं ते गाण्याचं. मी रोवण्यातल्या, म्हणजे भातलावणीतल्या बाईवर लिहिलं होतं. ती बांधीत (धानाच्या शेतात) दिवसभर वाकून पऱ्हे (भाताची रोपं) लावते, आणि घरी तिचं लेकरू तापाने फणफणलेलं असतं. त्यांनी लेकरू काढलं, ताप काढला, आणि तिच्या वाकण्यावर दोन घाणेरड्या ओळी घातल्या. गीतकार म्हणून नाव तिसऱ्याचंच. माझ्या आईने जन्मभर रोवणा केला, आणि हे गाणं आता वरातीत डीजेवर वाजतं. मूळ गाणं माझ्या आवाजात माझ्या चॅनलवर टाकलं, तर त्याच्यावरच कॉपीराइट क्लेम लागला.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मिळालेल्या वकील ताईंनी १९५७ चा कॉपीराइट कायदा समजावून सांगितला. २०१२ च्या दुरुस्तीपासून ध्वनिमुद्रित गाण्याच्या रॉयल्टीतला गीतकाराचा समान वाटा कंपनीला लिहून देताच येत नाही. तसं लिहून घेतलं तरी ते रद्दबातल. हक्क विकले तरी कलम ५७ प्रमाणे नाव लावून घेण्याचा आणि बदनामी होईल अशी मोडतोड थांबवण्याचा अधिकार गीतकाराकडेच राहतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. म्हणूनच हे लोक "कायमचे" हा शब्द आवर्जून घालतात. नोंदणी सक्तीची नाही, पण वादात तिचा आधार होतो, आणि एका गीताची सरकारी फी ५०० रुपये आहे. "नोंदणी करून देतो" म्हणत कोणी हजारो मागत असेल तर तिथूनच परत फिरा.

वकिलाची नोटीस गेल्यावर चॅनलवर माझं नाव लागलं. त्या दोन ओळी मात्र अजून तशाच आहेत, रॉयल्टीचे पैसेही आलेले नाहीत. भांडण सुरू आहे. दरम्यान तोच माणूस सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे दंडारीत (इथल्या लोकनाट्यात) गाणाऱ्या पोरांना भेटतोय, असं कळलं. तुम्हाला भेटला तर कागद मराठीत मागा, एक प्रत घरी न्या, वकिलाला दाखवा. आणि गाणं पाठवण्याआधी ते तारखेसह स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. माझ्या बाजूने आज तोच एक पुरावा उभा आहे.