शिफारसपत्रं कुणाकडून घ्यायची? कर्वे रस्त्यावरच्या एका सल्लागारांचा अनुभव

मुलीला बारावीनंतर अमेरिकेत शिकायला जायचं होतं, म्हणून मागच्या जूनमध्ये कर्वे रस्त्यावरच्या एका सल्लागारांकडे ४५ हजार भरून नाव नोंदवलं. संस्थेचं नाव देत नाही, पण जे घडलं ते इतर पालकांना कळायला हवं.

फॉर्मांची माहिती त्यांना चोख आहे, हे आधी सांगते. कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायचं पोर्टल, १ ऑगस्टला सुरू होतं, एमआयटीला एक पत्र गणित-विज्ञानाच्या शिक्षकांचं आणि दुसरं भाषा किंवा सामाजिक शास्त्रं शिकवणाऱ्यांचं लागतं, यूसीची (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची) विद्यापीठं अर्जासोबत पत्र मागतच नाहीत. हे सगळं पहिल्याच भेटीत नीट समजावलं. आमचे दोन महिने वाचले.

शिक्षक निवडायची वेळ आली तेव्हा मात्र म्हणाले, "प्राचार्यांचं घ्या, वजन पडतं. दुसरं क्लासच्या सरांचं." प्राचार्यांनी तिला एकदाच पाहिलेलं, बक्षीस देताना. कॉलेजतर्फे भरायचा फॉर्म वेगळा असतो, तो प्राचार्यांनी भरलाच. क्लासच्या बॅचमध्ये दीडशे मुलं, सरांना तिचा रोल नंबर माहीत. मी हे बोलून दाखवलं, तर उत्तर आलं, "मजकूर आम्ही देतो. सरांच्या नावाने मेल आयडीही आपणच काढू."

मी तिथेच नाही म्हटलं. पत्र वाचण्याचा हक्क सोडते, असं मुलगी अर्जातच लिहून देते, मग तेच पत्र आपल्याच बाजूने कसं लिहायचं? विद्यार्थ्यांच्या नोंदींबद्दलच्या अमेरिकेतल्या १९७४ च्या फेर्पा कायद्यातला हक्क आहे तो. शिवाय अर्जातलं सगळं खरं आहे अशी सही तिची. उद्या उघडकीला आलं तर प्रवेश तिचा रद्द होणार, यांचा नाही.

घरी आल्यावर तिलाच विचारलं, "तुला काम करताना कुणी पाहिलंय?" तिने क्षणात केमिस्ट्रीच्या मॅडमचं नाव घेतलं. अकरावीच्या टायट्रेशनला हिचं रीडिंग दर वेळी वेगळं येत होतं. आजूबाजूच्या मुलांनी सी. बी. आर. (ब्युरेट म्हणजे मोजनळीचं सारखं यायला हवं ते रीडिंग) जुळवून जर्नल सही करून घेतलं. ही प्रॅक्टिकल संपल्यावरही थांबली आणि ब्युरेटचा कॉक गळतोय हे शोधून काढलं. मॅडम तोवर शेजारी उभ्या होत्या, एक शब्द न बोलता. हे त्यांच्याशिवाय कोण लिहिणार?

दुसरं पत्र मराठीच्या मॅडमकडे मागितलं. इंग्रजीत लिहायचं म्हणून त्या आधी कचरल्या. मुलीने दोन वर्षांतले आपले निबंध, त्यांच्या लाल शेऱ्यांसकट, नेऊन दिले. आठ दिवसांनी "लिहिते गं" असा निरोप आला. हिने एक निबंध तीनदा फिरून लिहिला होता, ते त्यांना तारखेसकट आठवत होतं.

तेव्हा फॉर्म आणि तारखांसाठी या सल्लागारांकडे जरूर जा, शिक्षक मात्र मुलांनाच निवडू द्या. इंटिग्रेटेडला (कॉलेज आणि क्लास एकत्र) असाल तर अकरावीपासूनच एखाद्या तरी विषयाला नेमाने बसा, नाहीतर ओळखणारं कुणी उरत नाही. आणि शिक्षकांना गणपतीच्या आधी भेटा. अर्ली, म्हणजे लवकर करायच्या अर्जांची मुदत बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर असते, त्या सुमारास दिवाळीची सुट्टी लागते आणि मॅडम गावाला गेलेल्या असतात.