आठ महिन्यांनंतर: लो-फॉडमॅप आहारात टोमॅटो प्युरी, पेस्ट आणि केचप

वारंवार पोट फुगणं, गॅस आणि पोटदुखी यांसाठीचा (विशेषतः आयबीएस म्हणजे संवेदनशील आतड्याच्या त्रासावरचा) लो-फॉडमॅप आहार सुरू झाला की स्वयंपाकघरातून आधी कांदा-लसूण जातो, आणि त्याच्या जोडीला अनेकजण टोमॅटोही सोडून देतात. तशी गरज नसते. साधी प्युरी, पेस्ट, डबाबंद टोमॅटो, चार-पाच प्रकारचे केचप आणि घरी गोठवलेली प्युरी असं सगळं आठ महिने रोजच्या जेवणात वापरून झाल्यावर ठाम मत असं झालं आहे: त्रास बहुतेक वेळा पाकिटात टोमॅटोच्या सोबतीला आलेल्या गोष्टींचा असतो, आणि त्या नसतील तर प्रमाणाचा.

हा आहार मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात तयार झाला. फॉडमॅप हा शब्द २००५ पासून वापरात आहे. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि मोठ्या आतड्यात आंबून गॅस करणाऱ्या साखरांचा तो गट. कांदा-लसणातली फ्रुक्टन त्यातच येते. टोमॅटोत मात्र यातली एकच गोष्ट लक्षात घ्यायची, ती म्हणजे फ्रुक्टोज. टोमॅटोत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळपास सारखं असतं, पण फ्रुक्टोज किंचित जास्त भरतं. ग्लुकोजच्या सोबतीनं फ्रुक्टोज सहज शोषलं जातं; वरचं उरलेलं मागे राहतं. जुन्या याद्यांमध्ये टोमॅटो मनसोक्त खाण्याच्या गटात दिसतो. नंतर मोनॅशनं पुन्हा तपासणी केली आणि साध्या टोमॅटोसाठी एका वेळचं सुरक्षित प्रमाण सुमारे ६५ ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराचा अर्धा टोमॅटो, आणि चेरी टोमॅटोसाठी सुमारे ४५ ग्रॅम, म्हणजे तीन नग, असं आलं. हे आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून फ्रिजवर चिकटवलेला जुना तक्ता काढून टाका आणि मोनॅशच्या अ‍ॅपमध्ये पाहा. जाता जाता एक: टोमॅटो जितका पिकलेला, तितकं फ्रुक्टोज जास्त. कोशिंबिरीला घट्ट, नुकता लाल झालेला टोमॅटो घ्या आणि लिबलिबीत झालेले सारासाठी ठेवा, पण तेही मोजून.

आता पाकिटं. मागची बाजू वाचल्याशिवाय एकही घेऊ नका, आणि हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. तो फक्त शाकाहाराची खूण आहे. आपल्याकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. पण मसाल्यांना प्रत्येकाचं नाव न लिहिता ‘स्पाइसेस अँड कॉन्डिमेंट्स’ अशा एका शब्दसमूहात गुंडाळायची मुभा आहे, आणि कांदा-लसणाची पूड त्यात सहज लपते. कांदा-लसूण हे सक्तीनं जाहीर करायच्या अ‍ॅलर्जी घटकांमध्येही येत नाहीत. त्यामुळे यादीत नुसतं ‘मसाले’ असेल तर तिथे लसूण आहे असंच धरून चालावं.

यावर आपल्याच बाजारात एक सोपा उपाय आहे, तो म्हणजे ‘जैन’ किंवा ‘नो अनियन नो गार्लिक’ असं स्पष्ट छापलेला माल. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांत तो आधीपासून येतोच. आठ महिन्यांत सर्वांत उपयोगी पडलेली खूण हीच. पण तिची मर्यादाही कळायला हवी. जैन पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चं केळं असतं, ते ठीक. मात्र त्याच भाजीत फ्लॉवर आणि मटार भरपूर असतात, आणि तेही पोटाला तेवढाच त्रास देतात. जैन म्हणजे लो-फॉडमॅप नव्हे.

साध्या प्युरीच्या २०० ग्रॅमच्या कार्टनला पहिला क्रमांक. चांगल्या कार्टनवर दोन-तीनच नावं असतात: टोमॅटो किंवा टोमॅटो पेस्ट, पाणी आणि आम्लता नियंत्रक ३३०, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. संरक्षक म्हणून २११ किंवा २०२ दिसलं तरी फॉडमॅपच्या दृष्टीनं हरकत नाही. घट्टपणासाठीचा १४२२ स्टार्चही चालतो. थांबायचं ते ४२०, ४२१, ९५३, ९६५, ९६७ या आकड्यांना, कारण ही सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, आयसोमाल्ट, माल्टिटॉल आणि झायलिटॉल अशी पॉलिऑल, म्हणजे साखरेऐवजी वापरली जाणारी आणि फॉडमॅपमध्येच मोडणारी गोड द्रव्यं आहेत. साध्या प्युरीत ती सहसा नसतात. ‘शुगर फ्री’ मालात असतात.

खरी चूक होते ती इथे. यादी स्वच्छ आहे म्हणून अख्खं कार्टन कढईत ओतलं जातं. २०११ च्या भारतीय अन्न नियमांनुसार प्युरीत विरघळलेले घन पदार्थ किमान ९ टक्के आणि पेस्टमध्ये किमान २५ टक्के असावे लागतात. ताज्या टोमॅटोत ते साधारण ४ ते ५ टक्के. म्हणजे १०० ग्रॅम प्युरीमागे अंदाजे २०० ग्रॅम टोमॅटो आहेत, आणि दोघांच्या भाजीत २०० ग्रॅमचं कार्टन संपलं तर माणशी २०० ग्रॅम टोमॅटो पोटात गेले. मग पोट फुगतं आणि ब्रँड बदलला जातो, जे व्यर्थ आहे. माणशी ३० ग्रॅम प्युरी, म्हणजे सपाट दोन टेबलस्पून, हे रोजच्या भाजीला पुरतं आणि मर्यादेतही बसतं.

पेस्टला हाच हिशोब लावला तर ती पाच-सहा पट घट्ट येते. तिची मात्र वेगळी तपासणी झालेली आहे आणि २ टेबलस्पून, सुमारे २८ ग्रॅम, सुरक्षित मानली जाते. जिथे मोजलेला आकडा आहे तिथे तोच धरावा. घट्टपणाचं गणित फक्त मोजलेला आकडा नसेल तेव्हा. पेस्टची प्युरी करायची तर १ भाग पेस्टला २ भाग पाणी. ट्यूब डब्यापेक्षा सोयीची, कारण हवा आत जात नाही आणि फ्रिजमध्ये बरेच आठवडे टिकते. पेस्ट थेट पाण्यात टाकली तर कच्ची, कडसर लागते. आधी तेलात मंद आचेवर २ मिनिटं परता, रंग विटकरी झाला की मगच पाणी.

डबाबंद टोमॅटोत सोललेले अख्खे घ्या. फोडी केलेल्या डब्यांत बहुधा ५०९, म्हणजे कॅल्शियम क्लोराइड असतं. त्यानं पोटाला काही होत नाही, पण फोडी कितीही शिजवल्या तरी विरघळत नाहीत आणि रस्सा पाणचट राहतो. रसासकट अर्धी वाटी, सुमारे १०० ग्रॅम, चालते. उघडल्यावर उरलेले काचेच्या बरणीत काढा. डब्यात ठेवले तर धातूची चव उतरते. ‘पास्ता सॉस’, ‘पिझ्झा टॉपिंग’, ‘मखनी ग्रेव्ही’ आणि सुपाची पाकिटं यांच्यावर वेळ घालवू नये. जवळजवळ सगळ्यांत कांदा किंवा लसूण आहे.

केचपबद्दल लोकांची भीती साखरेची असते, आणि या आहारात ती चुकीच्या जागी आहे. साधी साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज आणि अर्धं फ्रुक्टोज. ती फॉडमॅप नाही. म्हणून साधं साखरेचं, कांदा-लसूण नसलेलं केचप १ टेबलस्पूनपर्यंत चांगलं मानवतं. ‘बिनसाखरेचं, आरोग्यदायी’ केचप मात्र सर्वांत वाईट ठरलं. गोडीसाठी त्यात खजुराचा गर, सफरचंदाचा अर्क, मध किंवा इन्युलिन (फ्रुक्टनचाच एक प्रकार) असतं, आणि हे चारही या आहारात वर्ज्य. मधुमेहही असेल तर केचप सोडून घरची प्युरी, मीठ, व्हिनेगर आणि जिरेपूड अशी चटणी करा. अमेरिकेत राहणाऱ्यांनी यादीत हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप आहे का ते पाहून टाळावं. तिथे कांदा-लसणाला ‘स्पाइस’ या शब्दाखाली लपवता येत नाही, एवढी एक सोय आहे. ‘नॅचरल फ्लेवर’ लिहिलेलं असेल तर कंपनीला विचारावं. वडापावच्या गाडीवरच्या पातळ लाल सॉसला हात लावू नका. काहींत भोपळ्याचा गर आणि स्टार्च जास्त असतो, टोमॅटो नावाला.

किंमत, चव आणि प्रमाण तिन्ही हातात ठेवायचं असेल तर घरची गोठवलेली प्युरी सर्वांत चांगली. जाड गराचे लांबट टोमॅटो १ किलो घ्या. गावरान चपटे चवीला सरस, पण पाणी जास्त आणि आटवायला वेळ दुप्पट. बुडाला फुलीसारखी चीर देऊन उकळत्या पाण्यात २ मिनिटं, मग गार पाण्यात. साल सहज सुटते. मिक्सरमधून काढून गाळा आणि पसरट स्टीलच्या कढईत आटवा. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची कढई नको. आंबटपणानं रंग काळवंडतो आणि चव बिघडते. वजन ४०० ग्रॅमच्या आसपास आलं की थांबा. अंदाजानं नको, तराजूवर बघा, कारण पुढचं सगळं प्रमाण यावर आहे. बर्फाच्या ट्रेमध्ये २० ग्रॅमचा एक असे घाला, साधारण २० चौकोन होतात. एक चौकोन म्हणजे ५० ग्रॅम टोमॅटो, आणि एका माणसाला एका जेवणाला एक चौकोन. ट्रेमधून काढून पिशवीत भरा, तारीख लिहा, ३ महिन्यांत संपवा. बाटलीत भरून कपाटात ठेवू नका. आम्लता कमी पडली तर बोट्युलिझमचा, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या विषबाधेचा धोका असतो. उघडलेलं कार्टनही ३-४ दिवसांत बुरशी धरतं, तेही याच पद्धतीनं गोठवा. फुगलेलं कार्टन न उघडता फेकावं.

लसणाचा वास हवा असेल तर पाकळ्या अख्ख्या तेलात तळा, लाल झाल्या की सगळ्या काढून टाका आणि मगच टोमॅटो घाला. लसणातली फ्रुक्टन साखर पाण्यात विरघळते, तेलात नाही. टोमॅटो पडल्यावर पाकळ्या उचलण्यात अर्थ नाही, तोवर ती रश्शात उतरलेली असते. असं तेल करून ठेवू नका, लागेल तेव्हा ताजं करा. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग, आणि चिमूटभर हिंग. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. चिमटीपुरतं फॉडमॅपला चालतं, सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेननं आतड्याला इजा होणारा आजार) असेल तर अजिबात नाही. कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला तर नावातच आहे; पावभाजी मसाल्याचं पाकीट मात्र वाचूनच घ्या.

दोघांचा सार असा: २ चौकोन, ४०० मिली पाणी, ६० मिली नारळाचं दूध, अर्धा चमचा साखर, मीठ. तुपात जिरं, हिंग, कढीपत्ता, एक सुकी मिरची. नारळाचं दूध शेवटी घालून उकळी येण्याआधी गॅस बंद करा, नाहीतर सार फाटतो.

टोमॅटोला दोष देण्याआधी ताटातलं बाकीचं पाहा. आमटी खाऊन पोट फुगलं तर तूरडाळ आधी तपासा; तिच्यातल्या साखरा टोमॅटोपेक्षा फार जड. पावभाजीत पाव, मटार आणि कांदा आहेच. आणि छातीत जळजळ, आंबट ढेकर हा वेगळा प्रश्न आहे. तो आम्लाचा आणि तिखटाचा. प्युरी कमी केल्यानं थोडा हलका होईल, पण घटकांच्या यादीनं सुटणार नाही. शौचात रक्त, कारण नसताना वजन घटणं, रात्री जाग आणणारी पोटदुखी किंवा रक्तक्षय असेल तर आधी डॉक्टर. सीलिअ‍ॅकची तपासणी गहू बंद करण्यापूर्वी झाली पाहिजे, नंतर ती चुकीची निगेटिव्ह येऊ शकते.

स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएटवर, म्हणजे ठरावीक कर्बोदकंच चालणाऱ्या वेगळ्या आहारावर असणाऱ्यांना यातलं बरंच लागू नाही. तिथे साधी साखरच वर्ज्य असल्यानं केचप संपलं, आणि न लिहिलेल्या साखरेच्या शंकेनं डबाबंद टोमॅटो व पेस्टही चालत नाही. त्यांच्यासाठी घरचे चौकोनच.

कडक टप्पा २ ते ६ आठवड्यांचा. नंतर टोमॅटो वाढवून बघायचाच. पहिल्या दिवशी एकाऐवजी दीड चौकोन, तिसऱ्या दिवशी दोन, पाचव्या दिवशी तीन, आणि त्या आठवड्यात दुसरं काहीही नवीन नाही. आहारतज्ज्ञ जवळ असेल तर ही नोंद त्यांना दाखवा. मधाची किंवा आंब्याची फ्रुक्टोज चाचणी (ते असंच थोडं थोडं वाढवून खाऊन पाहणं) निर्विघ्न पार पडली असेल, तर वजनकाटा टोमॅटोपुरता कपाटात ठेवता येतो. पाकिटाची मागची बाजू मात्र तेव्हाही वाचायची, कारण कांदा-लसणाची चाचणी वेगळी असते.