रिअलटेक ८१३९ लॅन कार्ड: नानांच्या विंडोज ९८ साठी अडीचशे रुपयांत

नानांचं डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं जुळवायचं, काम पंचवटीत, घराच्या पुढच्या खोलीत चालायचं. लग्नपत्रिका, द्राक्ष बागायतदारांची पत्रकं, आणि २००३ च्या सिंहस्थात तर रात्र-रात्र जागून छापलेली हँडबिलं. सगळं पानं मांडायच्या पेजमेकर ६.५ मध्ये आणि श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. तो पेंटियम थ्री कॉम्प्युटर, विंडोज ९८ सेकंड एडिशनसकट, अजून चालू आहे आणि नाना रोज सकाळी चहा झाला की त्यावर बसतात. अडचण एकच होती, त्यातलं काम बाहेर काढता येत नव्हतं. फ्लॉपीत १.४४ एमबी मावतं, सीडी रायटर कधीच बंद पडलाय, आणि ९८ पेन ड्राइव्ह आपणहून ओळखत नाही, त्याला ड्रायव्हर लागतो.

हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशिनला लावा आणि कॉपी मारा, असं मला तिघांनी सांगितलं. पण फाइल नुसती कॉपी करून भागत नाही. श्रीलिपीचे ते जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीचे, नाहीत. माझ्या लॅपटॉपवर फाइल उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. फाइल उघडायची ती नानांच्याच मशिनवर, आणि तयार झालेलं पान मात्र बाहेर यायला हवं. त्यासाठी मशिन घरच्या राउटरला जोडणं भाग होतं, आणि केबलने जोडायला लॅन कार्ड लागतं.

पहिलं कार्ड मी ऑनलाइन मागवलं. माहितीत ‘पीसीआय’ लिहिलं होतं, आलं ते पीसीआय एक्सप्रेसचं, म्हणजे नंतर आलेल्या वेगळ्या स्लॉटचं, ते जुन्या मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणंच शक्य नाही. विक्रेत्याने परत घ्यायला तीन आठवडे लावले. शेवटी एम. जी. रोडला मागच्या गल्लीत जुने पार्ट ठेवणाऱ्या एका काकांकडे गेले. त्यांनी खोक्यातली पाच-सहा कार्डं टेबलावर ओतली आणि चिपवरचे आकडे वाचत एक बाजूला काढलं. “ताई, हे घ्या, ८१३९. हे ९८ वर चालणार म्हणजे चालणारच.” मग खोडरबर घेऊन कार्डाच्या खालचे सोनेरी पट्टे घासले. काळपट थर रबरावर उतरला आणि पट्टे लखलखीत झाले. “पहिल्यांदा नाही ओळखलं तर काढून पुन्हा घासा, ड्रायव्हरला दोष देऊ नका,” म्हणाले. २५० रुपये, आणि ड्रायव्हरची फ्लॉपी त्यांनी जवळची दिली. तिचे पैसे घेतले नाहीत.

कार्ड बसवल्यावर मशिनने लगेच ओळखलं. ड्रायव्हर फ्लॉपीवरून गेला, पण नंतर ९८ स्वतःची सीडी मागतं, नेटवर्किंगच्या फाइली तिच्यात असतात. नानांनी ती सीडी जपून ठेवली होती, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी आधी सी ड्राइव्हवर विन९८ नावाचा फोल्डर आहे का बघा. बऱ्याच असेंबलवाल्यांनी तो कॉपी करून ठेवलेला असायचा, तोच रस्ता दाखवला की काम होतं.

आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा मशिनचा पत्ता, मी हाताने दिला, १९२.१६८.१.५०, आणि गेटवेची, म्हणजे इंटरनेटकडे जायच्या वाटेची, जागा मुद्दाम रिकामी ठेवली. या मशिनला इंटरनेटची गरज नाही. आजच्या बहुतेक साइट त्यात उघडतही नाहीत आणि इतकं जुनं विंडोज बाहेर सोडणं धोक्याचंच. वाय-फायच्या मागे लागू नका, सरळ केबल टाका. राउटर गिगाबिटचा (हजार मेगाबिटचा) असला तरी त्याचा पोर्ट कार्डाच्या १०० मेगाबिटवर आपणहून उतरतो.

खरी अडचण पुढे आली. ९८ फाइल शेअरिंगसाठी जो एसएमबी १ हा प्रोटोकॉल (मशिनांनी आपसांत बोलायची पद्धत) वापरतं, तो विंडोज १० मध्ये २०१७ च्या शेवटच्या मोठ्या अपडेटपासून मुळात बंद असतो. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच जुन्या प्रोटोकॉलच्या भोकातून पसरला होता. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर एसएमबी १ चालू करणं मला पटेना. म्हणून मध्ये एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, ठेवला. त्यावर सांबा हे फाइल शेअरिंगचं सॉफ्टवेअर टाकलं, त्यात कमीत कमी प्रोटोकॉल ‘एनटी१’, म्हणजे तोच एसएमबी १, असा लिहिला आणि पासवर्ड न मागणारा एकच फोल्डर उघडला. नाना त्यात टाकतात, मी लॅपटॉपवरून नव्या प्रोटोकॉलने उचलते. फोल्डरचं नाव १२ अक्षरांच्या आत ठेवा, नाहीतर ९८ ला तो दिसतच नाही. मी आधी ‘नानांच्या पत्रिका’ असं रोमनमध्ये लांबलचक लिहिलं होतं आणि एक संध्याकाळ त्यात गेली. आता त्याचं नाव नुसतं ‘नाना’.

तरी नेटवर्क नेबरहूड, म्हणजे नेटवर्कवरची मशिनं दाखवणारी ९८ ची खिडकी, रिकामंच. मग लक्षात आलं, कार्ड बसल्यापासून सुरू होताना पासवर्डची चौकट येते आणि नाना ती एस्केप दाबून घालवत होते. एस्केप दाबलं की ९८ तुम्हाला आत सोडतं पण नेटवर्कवर जाऊ देत नाही. पासवर्ड रिकामा ठेवून ओके दाबायचं, एवढंच. मी मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवली: ‘नाना, एस्केप नको, ओके.’

पायचं नाव लवकर सापडावं म्हणून विंडोजच्या फोल्डरमध्ये एलएमहोस्ट्स फाइल केली, एका ओळीत आयपी आणि नाव. काही फरक पडेना. नोटपॅडने शेपटाला टीएक्सटी जोडलं होतं, आणि एक्स्टेन्शन लपवलेली असल्याने ते दिसत नव्हतं. सेव्ह करताना नाव अवतरणचिन्हांत लिहिलं आणि स्टार्ट मेनूतल्या रनमध्ये पायचं नाव टाकताच खिडकी उघडली. नाना मागेच उभे होते. “आलं का गं?” एवढंच विचारलं.

आता पान असं बाहेर येतं: पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट (छापायच्या पानाचं वर्णन करणारी भाषा) समजणारा प्रिंटर निवडून ‘फाइल’वर प्रिंट द्यायचं, ती फाइल पायवर टाकायची, तिथे घोस्टस्क्रिप्ट हे सॉफ्टवेअर तिची पीडीएफ करतं. फॉन्ट त्या फाइलीतच गेलेले असतात, त्यामुळे जोडाक्षरं, वेलांट्या, रफार सगळं जिथल्या तिथे. फाइलींची नावं मात्र रोमनमध्येच ठेवा, देवनागरी नाव दिलं की ९८ मध्ये नुसत्या अधोरेषा दिसतात.

कार्डाबद्दल तक्रार एकच. ते स्वस्त आहे आणि ते जाणवतं, आलेला डेटा प्रोसेसरलाच उचलून ठेवावा लागतो, म्हणून मोठी फाइल जाताना माउस अडखळतो. नाना त्या वेळी उठून पाणी पिऊन येतात. चारशेच्या वर फाइली गेल्या आहेत, एकही बिघडलेली नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. मिळालं तर दोन घेऊन ठेवा, काकांच्या खोक्यात त्या दिवशी ८१३९ ची तीनच होती.

गेल्या रविवारी माझ्या मावसबहिणीच्या लग्नाची १९९९ ची पत्रिका निघाली. तिच्या मुलीचं लग्न ठरलंय आणि तिला तीच चौकट हवी आहे. नानांनी नावं बदलली, मजकूर दोनदा वाचला, ‘आपले विनीत’ची ओळ एक पॉइंट खाली घेतली आणि प्रिंट दिलं. मी पीडीएफ तिला व्हॉट्सअॅपवर पाठवली तेव्हा नाना पुढच्या खोलीतून विचारत होते, रफार नीट आलाय का.