अमेरिका वेस्ट कोस्ट टूर (ठाण्याहून): बाकी छान, पण एंजल आयलंडला वेळ द्या हो

नौपाड्यातल्या एका टूरवाल्यांबरोबर आम्ही दोघं मे महिन्यात अमेरिका वेस्ट कोस्ट करून आलो. जेवणाला पूर्ण मार्क, दहाव्या दिवशी पण गरम वरणभात आणि वर तूप. टूर मॅनेजर डोंबिवलीचा मुलगा, सगळ्यांच्या औषधांच्या वेळा त्याला पाठ, ह्यांना काका काका करत हात धरून बसमध्ये चढवायचा. व्हेगास वगैरे सगळे बघतात तेच.

मला लिहायचंय ते एंजल आयलंडबद्दल. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतलं बेट, टिब्युरॉनहून फेरीने गेलो, ह्याचे पैसे वेगळे होते आणि बत्तीस जणांतले आम्ही नऊच. 1910 ते 1940 आशियातून बोटीने आलेल्या लोकांना इथल्या इमिग्रेशन स्टेशनच्या इमारतीत अडकवून ठेवायचे, जास्त करून चिनी, कारण 1882 च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदीच होती. आत तीन मजली लोखंडी खाटा आहेत आणि लाकडी भिंतींवर त्या लोकांनी कोरलेल्या कविता, दोनशेच्या वर. इमारत पाडणारच होते, 1970 मध्ये पार्कच्या एका रेंजरचं त्या अक्षरांकडे लक्ष गेलं म्हणून वाचली.

1906 च्या भूकंपानंतर शहरात आग लागली त्यात जन्माची दप्तरं जळाली, मग तिथले बरेच चिनी आपण इथेच जन्मलो, म्हणजे नागरिक आहोत असं सांगू लागले, आणि काही जण कागदोपत्री त्यांच्यापैकी कोणाचातरी मुलगा होऊन यायचे, ते पकडायला म्हणून सगळ्यांनाच प्रश्न, गावात तुमच्या घराचं तोंड कुठे, तांदळाची कणगी कुठे ठेवता, जिन्याला पायऱ्या किती. बाप आणि मुलगा दोघांचं उत्तर जुळलं पाहिजे, नाहीतर सख्ख्या मुलाला पण परत पाठवायचे. मी तिथेच उभी राहून चरईतल्या माहेरच्या जिन्याच्या पायऱ्या आठवत होते, अकरा की बारा, भावाला व्हॉट्सॲप केलं तर तो म्हणाला तेरा. आम्ही दोघं नापास झालो असतो.

आपले लोक पण होते तिथे, बरेचसे पंजाबातले शेतकरी. 1917 मध्ये हिंदुस्थानातल्या मजुरांना पण दार बंद केलं. भगतसिंग थिंड म्हणून एक पंजाबी माणूस, अमेरिकेच्याच सैन्यात राहिलेला, तरी 1923 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं हा गोरा नाही, नागरिकत्व नाही. पुढे 1946 ला वर्षाला फक्त शंभर जणांचा कोटा मिळाला, आणि खरं दार उघडलं ते 1965 च्या कायद्याने. माझा मुलगा तिकडे कॅलिफोर्नियात सनीवेलला आहे, मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले की तो स्वतःच्या हुशारीवर गेला, हुशार आहेच, पण 1965 च्या आधी असता तर ती हुशारी घेऊन ठाण्यातच बसला असता. बीकेसीला मला व्हिसासाठी दोन प्रश्न विचारले होते, तेवढ्यानेच हात थरथरत होते माझे.

आता तक्रार. एवढ्या जागेला पाऊण तास दिला, आणि दुसऱ्या दिवशी आउटलेट मॉलला साडेतीन तास. कविता कोणी समजावून सांगितल्या नाहीत, तिथला गाईड इंग्रजीत भरभर बोलला, आमच्यातल्या जोशीकाकू बाहेर बाकावरच बसून राहिल्या. ज्या टूरमध्ये अर्ध्या लोकांची मुलं तिथे नोकरीला आहेत तिथे हे ऑप्शनल कशाला ठेवायचं?

बुक करताना एंजल आयलंडला अर्धा दिवस असं लिहून घ्या, मगच ॲडव्हान्स भरा. मे मध्ये पण वारा बोचरा असतो, स्वेटर घ्या. धक्क्यापासून चढ आहे आणि पायऱ्या भरपूर, गुडघे दुखत असतील तर गाडीची सोय आधीच विचारून ठेवा.